उंबरठ्यावरची हजेरी

गृहस्थाश्रमातील नैतिक प्रश्न पुष्कळदा ग्रंथांच्या वाटेने न येता वस्तूंच्या वाटेने घरात शिरतात. भिंतीवर घड्याळ आले आणि ‘उशीर’ या शब्दाला पूर्वी नसलेली धार चढली. टेलिफोन आला आणि न कळवता येणारा पाहुणा हळूहळू अपराधी ठरू लागला. वस्तू विकत घेताना आपण तिची किंमत विचारतो, टिकाऊपणा विचारतो. ती घरातल्या माणसांच्या परस्परसंबंधांत काय फेरफार करील हे मात्र विचारीत नाही, आणि विचारले तरी दुकानदाराला त्याचे उत्तर ठाऊक नसते. आज ही पाळी कुलपावर आली आहे. बोटाच्या ठशाने, आकड्यांच्या संकेताने अथवा मोबाइलवरून उघडणारे ‘स्मार्ट लॉक’ नावाचे कुलूप मोठ्या शहरांतील सदनिकांपुरते राहिलेले नाही. धाराशिव, तुळजापूर, उमरगा यांसारख्या गावांतील घर बांधणाऱ्या गृहस्थालाही आता त्याविषयी काही निर्णय करावा लागतो. तो निर्णय केवळ सुतारकामाचा नाही, असे आम्हांस वाटते.

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू. वडील निवृत्त शिक्षक. ते आणि आई, दोघेही सत्तरीच्या पलीकडे, धाराशिव शहरात स्वतःच्या घरात राहतात. मुलगा आणि सून पुण्यास नोकरीवर. मुलीची मुलगी महाविद्यालयीन शिक्षणासाठी आजी-आजोबांजवळ राहिलेली. सकाळी धुणेभांडी करणाऱ्या मावशी येतात. अलीकडे किल्ल्या सापडत नाहीत. रात्री दार लावले की नाही हे वडिलांना आठवत नाही. आई घरात एकटी असताना पडली तर दार उघडणार कोण, या विचाराने मुलाला पुण्यास झोप लागत नाही. दिवाळीला येताना तो नवे कुलूप घेऊन येतो आणि एका दुपारी बसवून देतो. यांत कोणाचाही हेतू वाईट नाही. उलट, सर्वांच्या मनांत एकमेकांविषयी काळजीच आहे. तरीही एक प्रश्न उरतो, आणि हेतू चांगला असल्यामुळेच तो नजरेआड होतो: या कुलपाच्या हाती आपण घरातील कोणती सत्ता देत आहोत, आणि ती देण्याचा अधिकार कोणाचा?

प्रश्नाचे स्वरूप कळण्यासाठी थोडे मागे पाहिले पाहिजे. मराठवाड्यातील जुन्या वाड्यांची दारे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्यांची रचना आठवत असेल. मोठा सागवानी दरवाजा, त्यातच वाकून जाण्याजोगी दिंडी, आणि आतून भिंतीतल्या खोबणीत सरकणारा आडवा अडसर. ही सारी योजना घरात कोणी तरी माणूस आहेच, हे गृहीत धरून केलेली असे. अडसर बाहेरून लावता येत नाही. ज्या घराला अडसर आहे त्याचे रक्षण लाकूड करीत नसून आतला माणूस करीत असतो. कुलपाचा स्वभाव याच्या उलट आहे. कुलूप हे गैरहजेरीचे राखणदार होय. मोठी कुटुंबे फुटून लहान झाली, कर्ता पुरुष कचेरीत आणि पुढे गृहिणीही नोकरीवर जाऊ लागली, घर दिवसभर रिकामे राहू लागले, तसतसे अडसराचे महत्त्व कमी होऊन कुलपाचे वाढले. अलीगढची कुलपे देशभर गेली. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपे बनविण्याचा उद्योग आरंभला, आणि त्यांचे आडनाव अनेक घरांत कुलपाचेच नाव होऊन बसले.

या जुन्या कुलपाच्या किल्लीचे काही गुण आपण कधी मोजले नाहीत, कारण ते नाहीसे होतील असे वाटलेच नव्हते. पहिला गुण असा की किल्लीला स्मरणशक्ती नाही. ती कोणी, किती वाजता, कितीदा फिरविली हे ती कोणास सांगत नाही. दुसरा गुण असा की ती हातोहात देता येते; पंढरीस किंवा तुळजापुरास जाताना शेजारच्या काकूंच्या हाती ती ठेवली की काम झाले. तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा. किल्ली देणे म्हणजे संपूर्ण देणे. ‘अकरा ते बाराच उघड’ असे किल्लीला बजावता येत नाही. ते माणसालाच सांगावे लागते, आणि सांगून झाल्यावर त्याच्या शब्दावर विसंबावे लागते. म्हणून शेजाऱ्याला दिलेली किल्ली ही लोखंडाची वस्तू असली तरी दोन घरांमधील एक करार असे.

आता नव्या कुलपाकडे वळू. त्याचा लोखंडी भाग, म्हणजे चौकटीत शिरणारा दांडा, जुन्यासारखाच आहे. बदलली आहे ती त्याला हुकूम देणारी व्यवस्था. आत एक लहानशी मोटर असते आणि ती बहुधा साध्या सेलांवर चालते. बोटाच्या ठशाचे चित्र जसेच्या तसे न ठेवता त्यातील रेषा कोठे थांबतात आणि कोठे फुटतात यांचा एक गणिती नमुना साठविला जातो, आणि पुढे ठेवलेले बोट त्याच्याशी ताडून पाहिले जाते. एखाद्याला ठरावीक दिवसापुरता किंवा ठरावीक तासांपुरता संकेत देता येतो. इंटरनेटशी जोडणी असेल तर पुण्यात बसून धाराशिवचे दार उघडता येते. आणि यांतील अनेक कुलपे एक रोजनामा ठेवतात: कोणत्या बोटाने, कोणत्या संकेताने, किती वाजून किती मिनिटांनी दार उघडले. हा रोजनामा ज्याच्या मोबाइलवर जातो, तो या कुलपाचा खरा धनी. घर कोणाच्याही नावावर असो.

या सर्व प्रकाराला विटून काही लोक म्हणतात, ‘कुलूपच नको, पूर्वी माणसामाणसांत विश्वास होता, घरे उघडी असत.’ या पक्षाला महाराष्ट्रात एक प्रसिद्ध उदाहरण हाताशी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर येथे घरांना दारे-कुलपे न लावण्याची परंपरा आहे. परंतु हे उदाहरण नीट तपासले तर ते या पक्षाच्या उपयोगी पडत नाही. तेथील घरे उघडी राहिली ती शेजाऱ्यावरील विश्वासामुळे म्हणण्यापेक्षा चोराला शनिदेव शासन करील या श्रद्धेमुळे. पहारेकरी तेथेही आहे. फक्त तो दिसत नाही. २०१० साली तेथे चोरीची तक्रार नोंदली गेली. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने तेथे ‘बिनकुलपाची’ म्हणून गाजलेली शाखा उघडली, आणि वृत्तपत्रांत आलेल्या वर्णनानुसार तिच्या काचेच्या दाराला सहसा नजरेस न पडणारे, दुरून चालणारे विद्युत्चुंबकीय कुलूप बसविले होते. म्हणजे ज्या गावाने कुलूप नाकारले त्याच गावात नव्या जातीचे कुलूप अदृश्य रूपाने आले! २०१५ साली तेथे पोलीस ठाणेही सुरू झाले. यात त्या गावकऱ्यांचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. दार उघडे असणे आणि मनात विश्वास असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढेच यावरून दाखवावयाचे आहे.

तेव्हा कुलूप लावणे हा काही अविश्वासाचा कबुलीजबाब नव्हे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कळंब, भूम, वाशी या भागांतून ऊसतोडीसाठी बिऱ्हाड घेऊन निघणारे कुटुंब घराला कुलूप लावते, तेव्हा ते शेजाऱ्याला चोर म्हणत नसते. पाच-सहा महिने आपण येथे नाही, एवढेच सांगत असते. उघड्यावर पैसे ठेवून नोकराच्या प्रामाणिकपणाची परीक्षा पाहणारा मालक आपल्याला विश्वासू न वाटता निर्दय वाटतो. मोहाला वाव न ठेवणे हेही एक सौजन्यच आहे. शिवाय आमच्या कल्पनेतील त्या वृद्ध मातेची अडचण खरी आहे. संधिवाताने आखडलेल्या बोटांना किल्ली फिरविणे जड जाते. आकडे दाबणे सोपे जाते. आई पडली असता शेजाऱ्याला दुरून दार उघडून देता येणे ही लहान गोष्ट नव्हे. नव्या कुलपाला सरसकट नावे ठेवणारा मनुष्य बहुधा तरुण आणि धडधाकट असतो.

मग आक्षेप कशाला? आक्षेप दाराच्या बंदोबस्ताला नसून हजेरीला आहे. कुलपाचे काम बाहेरच्याला अडविण्याचे. रोजनामा मात्र बाहेरच्याविषयी काहीच सांगत नाही. चोर आपले बोट नोंदवून येत नसतो. तो खिडकीचा गज वाकवितो किंवा कोयंडा उचकटतो. रोजनाम्यात ज्यांची नावे येतात ती सगळी आपलीच माणसे: नात, सून, मावशी, आजोबा. जुने कुलूप परक्यावर पहारा करी. नवे कुलूप, आपण सावध नसलो तर, आपल्यांवर पहारा करू लागते. चोराच्या भीतीने विकत घेतलेली वस्तू घरच्यांच्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवते, आणि हा बदल कोणी ठरविलेला नसतो. तो खोक्यातूनच आलेला असतो.

येण्याजाण्याची हजेरी ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही, आणि तिचा इतिहास विसरण्याजोगाही नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यान्वये काही जमातींतील माणसे, त्यांनी गुन्हा केलेला असो वा नसो, जन्मतःच संशयित ठरली. त्यांची नावे नोंदवहीत चढली. ठरलेल्या वेळी हजेरी देणे आणि गाव सोडताना कळविणे त्यांच्यावर बंधनकारक होऊ शकले. १९११ च्या कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचाही अधिकार अधिकाऱ्यांस दिला. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. परंतु शेजारच्या सोलापुरात अशा जमातींसाठी वसाहत होती, आणि त्या भागाला लोक अद्याप ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखतात. स्वतंत्र भारताने १९५२ साली हा कायदा रद्द केला, आणि त्या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. विमुक्त म्हणजे सुटलेले. कशापासून सुटलेले? तुरुंगापासून नव्हे, कारण त्यांतील बहुतेकांवर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. ते सुटले हजेरीपासून. ज्या गोष्टीतून सुटका होणे हा एका समाजाला मुक्तीचा दिवस वाटला, तीच गोष्ट सुशिक्षित गृहस्थ हौसेने आपल्या उंबरठ्यावर बसवितो, याचा विचार व्हावयास नको काय?

येथे कोणी म्हणेल, ‘तुलना अतिरेकाची आहे. सरकारचा धाक आणि बापाची काळजी एक नव्हे. आणि ज्याला लपविण्यासारखे काही नाही, त्याने नोंदीला का भ्यावे?’ तुलनेचा पहिला भाग आम्हांस मान्य आहे. हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु दुसरा युक्तिवाद तपासण्यासारखा आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागात गायजिसच्या अंगठीची कथा घातली आहे. एका मेंढपाळाला अंगठी सापडते. तिचा खडा आत फिरविला की तो अदृश्य होतो. आपण कोणाला दिसत नाही हे कळताच तो राजाचा घात करून राज्य बळकावतो. कथा सांगणाऱ्याचा प्रश्न असा, की पाहणारे कोणी नसताना नीतीने वागेल असा मनुष्य आहे काय? या प्रश्नाला ‘आहे’ असे उत्तर देता यावे म्हणूनच तर आपण मुलांना वाढवितो. आता याच कथेची उलटी बाजू पाहा. ज्याच्या बोटात अदृश्य करणारी अंगठी नाही, उलट ज्याचे बोटच प्रत्येक वेळी त्याची साक्ष देते, त्याला सचोटी दाखविण्याची संधीच उरत नाही. ‘आठला परत येते’ असे सांगून आठला परतणारी नात आपला शब्द पाळीत असते. आठ वाजून दोन मिनिटांची नोंद पुण्यास गेली की तिचा शब्द निरुपयोगी ठरतो. ती खरे बोलली की खोटे, याला महत्त्वच राहत नाही. नोंद असत्याला पकडते हे खरे, परंतु ती सत्य बोलण्याचीही गरज संपविते. आणि ज्या घरात सत्य बोलण्याची गरज उरली नाही, त्या घरात ते बोलण्याची सवय किती दिवस टिकेल?

लपविण्यासारखे काही नसले तरी प्रत्येकाजवळ न सांगण्यासारखे काही असतेच. वडील दुपारी उगाच बाहेर पडून वाचनालयाच्या पायरीवर बसत असतील. सून माहेरच्या आजारपणाच्या चिंतेने देवळात जाऊन आली असेल. ही पापे नव्हेत, पण ही प्रत्येकाची स्वतःची आहेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढील निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. पुढे २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. मात्र एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक अथवा घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्या कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. हे योग्यच आहे; घराघरांत निरीक्षक पाठविणारे सरकार कोणास हवे आहे? परंतु याचा अर्थ असा की कायदा उंबरठ्याशी येऊन थांबतो, आणि त्याच्या आत नातीचा किंवा मावशींचा खासगीपणा सांभाळणे ही सर्वस्वी घरातल्यांच्या विवेकाची गोष्ट राहते. जेथे कायदा बोलत नाही तेथे नीतीला अधिक स्पष्ट बोलावे लागते.

आता अंगठ्याविषयी. बोटाच्या ठशाचा आधुनिक उपयोग याच देशात रुजला. १८५८ साली बंगालात विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली, आणि ठशांची वर्गवारी लावण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांचा मोठा वाटा होता. खेड्यापाड्यांत मात्र अंगठा म्हणजे सावकाराच्या कागदावरची शाई. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द आपण निरक्षराला हिणवण्यासाठी वापरीत आलो. त्यानंतर २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिले आधार क्रमांक दिले गेले आणि अंगठा सर्वांचाच ओळखपत्र झाला. आज तोच अंगठा सुशिक्षितांच्या बंगल्याची किल्ली होत आहे. परंतु अंगठा सर्वांना सारखा साथ देत नाही. ज्याने जन्मभर कोयता धरला, विटा वाहिल्या किंवा राखेने भांडी घासली, त्याच्या बोटांवरील रेषा झिजतात. रेशन दुकानातील यंत्रापुढे अशा हातांना पुनःपुन्हा बोट टेकावे लागते. कष्टाने झिजलेले बोट यंत्राला ओळखू येत नाही, आणि आपल्या उदाहरणातील मावशी दाराशी तीनदा बोट ठेवून खाली मान घालून उभ्या राहतात. दोष यंत्राचा, ओशाळणे त्यांच्या वाट्याचे. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते, आकडा फुटला तर नवा ठरविता येतो. अंगठा फुटला तर दुसरा आणता येत नाही. म्हणून ठशाचा नमुना कुलपातच राहतो की कंपनीच्या दूरच्या संगणकावर जातो, हे विकत घेण्यापूर्वी विचारलेच पाहिजे.

शिवाय यंत्राची ओळख ती किती! धाराशिवपासून जवळच असलेले तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. संतमेळ्यात कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पाहण्यासाठी गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले, आणि नामदेवांनी तक्रार करताच त्यांना कच्चे ठरविले, अशी कथा वारकरी परंपरेत सर्वश्रुत आहे. त्या परीक्षेत ‘हा कोण’ असा प्रश्नच नव्हता. सर्व एकमेकांना ओळखतच होते. प्रश्न होता तो ‘हा कसा’ असा. आपले कुलूप फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. बोट नातीचे आहे हे ते सांगते. नात कशी आहे हे जाणण्यासाठी तिच्याशी बोलावे लागते. पहिल्या उत्तरावर समाधान मानून दुसरा प्रश्न विचारणेच सोडून देणे, हा या कुलपाचा खरा धोका आहे.

आतापर्यंत दार बाहेरून उघडण्याचा विचार केला. आतून उघडण्याचाही करावयास हवा, आणि या जिल्ह्यातील माणसाला त्याचे महत्त्व कोणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन होऊन गावे गाढ झोपेत होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूर यांसह अनेक गावे उद्ध्वस्त झाली. सुमारे ८,००० माणसे मृत्यू पावली. धरणीपेक्षा घरांनीच अधिक माणसे मारली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि लाकडी सऱ्यांवर मातीचा थरावर थर चढविलेली माळवदे उन्हातान्हापासून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळीत आली होती. त्या पहाटे तीच झोपलेल्यांवर कोसळली. त्यानंतर कित्येक दिवस लोक छपराखाली झोपावयास धजत नव्हते. ज्याला आपण संरक्षण म्हणून बांधले ते संकटकाळी आपल्याला कोंडणार तर नाही ना, हा प्रश्न तेव्हापासून येथील प्रत्येक घराला लागू आहे. म्हणून कुलपाचा पहिला धर्म हाच की आतून ते वीज, संकेत, ठसा, मोबाइल यांपैकी कशावाचूनही, अंधारात, एका हाताने, आजीला आणि लहान मुलालाही उघडता आले पाहिजे. ज्यात ही सोय नाही ते कुलूप कितीही हुशार असले तरी घराच्या दाराला लावण्याच्या योग्यतेचे नाही.

या विवेचनातून काही व्यावहारिक नियम निघतात. ते सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. आधी दार पाहावे: जुनी फळी वाकलेली असेल, चौकट खिळखिळी असेल, तर तेथे महागडे कुलूप बसविणे व्यर्थ, दांडा चौकटीत नीट बसत नसेल तर मोटर ओढत राहते आणि सेल लवकर संपतात. साधी किल्ली चालणारे छिद्र ज्यात आहे असेच कुलूप घ्यावे, आणि ती किल्ली घरातल्या कपाटात न ठेवता पूर्वीप्रमाणे शेजारच्या काकूंकडे ठेवावी. विश्वासाचा तो जुना करार मोडण्याचे काही कारण नाही. सेल संपल्यास बाहेरून तात्पुरती वीज कशी द्यावयाची हे बसवितानाच करून पाहावे. कारखान्यातून आलेला मूळ संकेत त्याच दिवशी बदलावा. ज्यांचे बोट लागत नाही त्यांना न सांगता आकडा द्यावा, म्हणजे दाराशी कोणाची फजिती होणार नाही.

याहून महत्त्वाचे ते पुढचे. कुलपाची मुख्य सत्ता जे त्या घरात राहतात त्यांच्या हाती असावी. पुण्याचा मुलगा मदतनीस असावा, धनी नव्हे. रोजनामा बंद करता येत असेल तर बंद करावा. तो बंद होत नसेल तर त्याच्या सूचना कोणाच्याही मोबाइलवर जाऊ देऊ नयेत, आणि चोरी किंवा अपघात झाल्यावाचून तो कोणी उघडून वाचू नये, असे सर्वांनी मिळून ठरवावे. आणि कोणतीही नोंद राहणार असेल तर ती राहते हे प्रत्येकाला आधी सांगावे. मावशींनाही सांगावे, आणि त्यांच्या येण्याच्या वेळांचा हिशेब पगार कापण्यासाठी काढू नये. माहीत नसताना ठेवलेली नोंद ही चोरून वाचलेल्या पत्रासारखी आहे. आणि ज्या वृद्धांच्या काळजीने हे सर्व केले त्यांना विचारावे. आपल्या दारावर काय बसावे हे ठरविण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे. वय झाले म्हणून उंबरठ्यावरची मालकी संपत नाही.

म्हणजे हे कुलूप बसविण्याच्या आधी घरातील सर्वांनी एकदा एकत्र बसले पाहिजे. कोणाला केव्हा येता यावे, कोणाचे काय कोणास कळावे, संकटात दार कोणी उघडावे, या गोष्टी किल्लीच्या काळात न बोलता ठरत असत. आता त्या बोलून ठरवाव्या लागतील. ही गैरसोय आहे, पण अशा गैरसोयींतूनच घरे एकमेकांना उमजतात. ज्या घरात हे बोलणे होईल, तेथे कुलूप कोणत्याही जातीचे असले तरी चालेल. ज्या घरात ते होणार नाही, तेथे दार चोराला बंद राहील हे खरे, परंतु आत राहणारी माणसे रोज हजेरी देऊनच घरात शिरत राहतील.